फोंड्यातील एक मासळीचे हॉटेल: थाळीपेक्षा वाढप्यांविषयी अधिक

गोव्यातील फोंड्याच्या कदंब बसस्थानकापासून चालत गाठता येणाऱ्या या हॉटेलाचे नाव मी देत नाही, कारण मालकांशी आणि कामगारांशी जे मोकळेपणाने बोलणे झाले त्यात पगाराचा आणि घरगुती अडचणींचाही विषय निघाला. जेवणाविषयी थोडक्यात सांगतो. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे हुमण (नारळाच्या वाटणातली आमटी), तिसऱ्यांचे सुके, किसमूर (सुक्या मासळीची खोबरे घातलेली कोशिंबीर), सोलकढी आणि तळलेल्या मासळीचा एक तुकडा अशी थाळी असते. हुमण उत्तम, सोलकढी ताजी. किसमूर मात्र पुष्कळदा मऊ पडलेली असते आणि इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीचे वेगळे पैसे जरा जास्तच वाटतात. याच तोडीचे हुमण फोंडा महालात आणखी दोन-तीन ठिकाणी मिळेल. हे हॉटेल वेगळे ठरते ते तिथल्या वाढप्यांमुळे.

शेजारच्या टेबलावरील एका लहान मुलाला हुमण तिखट लागले, तेव्हा वाढप्याने कोणी मागण्याआधीच वरण आणि लिंबाची फोड आणून ठेवली. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या तिसऱ्यांत वाळू लागली. त्याने तक्रारीचा सूर लावताच वाढप्याने ताटली उचलली, केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ‘बदली’ असे लिहून ती आत दिली आणि नवी आणली. गल्ल्यावर जाऊन मालकाची परवानगी काढण्याचा प्रकार झाला नाही. हा अधिकार सर्व वाढप्यांना आहे, हे नंतर कळले. मालकांचा हिशेब सरळ आहे: वाया गेलेल्या ताटलीपेक्षा रुसून गेलेले गिऱ्हाईक महाग पडते. किनारपट्टीवरील एका नावाजलेल्या हॉटेलात फुटलेल्या ग्लासाचे पैसे पगारातून कापतात, असे तिथे पूर्वी काम केलेल्या एकाने सांगितले. तिथे चूक झाकण्याकडेच कल असणार, हे उघड आहे.

आता कामाच्या स्थितीविषयी. या धंद्यात सर्वांत जाच होतो तो ब्रेक शिफ्टचा, म्हणजे दुपारी साडेतीनला मोकळे करून सातला परत बोलावण्याचा. सावर्डे किंवा साखळी बाजूचा माणूस मधल्या वेळात घरी जाऊ शकत नाही आणि हॉटेलात थांबला तर त्याला टेबले पुसायला लावतात. इथे मागच्या बाजूला पंखा आणि खाटा असलेली खोली आहे आणि त्या वेळात कोणी हाक मारायची नाही, असा दंडक आहे. रात्री नऊनंतर ऑर्डर घेत नाहीत, कारण शेवटच्या बसेस चुकतात. मला हे सुरुवातीला गैरसोयीचे वाटले, पण रात्री अकरालाही हसतमुख राहण्याची अपेक्षा गिऱ्हाइकाने करावी तरी का? चेहऱ्यावरचे हसू हेही मजुरीचेच काम आहे, असे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी विमानातील परिचारिकांच्या अभ्यासातून 1983 मध्ये मांडले आणि त्याला ‘भावनिक श्रम’ म्हटले. थकलेल्या माणसाकडून हे काम करवून घेतले की ते खोटे दिसू लागते.

गल्ल्याशेजारी वाढप्यांसाठी दोन स्टुले ठेवलेली आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. केरळमध्ये दुकानांतील बायकांना बसण्याचा हक्क मिळवण्यासाठी आंदोलन करावे लागले आणि 2018 मध्ये तिथे तशी कायदेशीर तरतूद झाली. तमिळनाडूने 2021 मध्ये त्याचे अनुकरण केले. या हॉटेलाच्या बिलात सेवाशुल्क नाही. ते आपोआप लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये मनाई केली होती आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. तरीही काही ठिकाणी ते बिलात डोकावतेच. इथे टिप एका डब्यात जमा होते आणि भांडी घासणाऱ्यांनाही तिचा वाटा मिळतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत धंदा मंदावतो, पण कोणाला घरी बसवत नाहीत. पाळीपाळीने भरपगारी रजा देतात.

एवढ्यावरून समाधानी माणूस चांगले काम करतोच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 2001 मधील अनेक अभ्यासांच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात समाधान आणि कामगिरी यांतील सहसंबंध सुमारे 0.30 इतकाच निघाला, म्हणजे नाते आहे पण ते मध्यम आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये म्हटले होते की पगार, जागा, देखरेख हे सुधारल्याने केवळ असमाधान घटते. उमेद येते ती जबाबदारी आणि कामाची दखल यांतून. त्यांनी अभियंते आणि हिशेबनीस यांना विचारले होते, ताट वाढणाऱ्यांना नव्हे, तरी ही विभागणी इथे लागू पडते असे मला वाटते. खाट आणि स्टूल यांमुळे माणसे टिकतात, पण वरण न मागताच पुढ्यात येते ते ताटली बदलण्याचा अधिकार दिल्यामुळे.

स्वयंपाकघराची कथा वेगळी आहे. धूर ओढणारा पंखा अशक्त आहे, भट्टीजवळ उभे राहवत नाही आणि तव्यावर असलेल्या झारखंडच्या मुलांना वाढप्यांसारखा कसलाच निर्णयाधिकार नाही. रविवारी दुपारी तळलेली मासळी अर्धा तास उशिरा येते, मऊ किसमूर परत पाठवली तरी तशीच पुन्हा येते, ही त्याचीच फळे आहेत. दर्शनी भागावर केलेला खर्च आत पोचलेला नाही, हे मी मालकांना सांगितले. पंख्याचे त्यांनी मान्य केले, अधिकाराच्या मुद्द्यावर मात्र ‘बघूया’ म्हणाले.

जाणाऱ्यांनी दुपारी एकच्या आत पोचावे आणि तळलेल्या मासळीची ऑर्डर बसताक्षणी द्यावी. फोंड्यात सोमवारी मासळीला फारसे गिऱ्हाईक नसते, म्हणून त्या दिवशी हॉटेल बंद असते, आणि गणेशचवथीत पाच दिवस.