टेली-मानस १४४१६: फोनवर काय मिळतं, काय मिळत नाही, आणि पुढचा थेरपिस्ट कसा निवडायचा

मन ठीक नाही हे कळल्यावर पैशांचा प्रश्न नंतर येतो. आधी जायचं कोणाकडे, इथेच माणूस अडतो. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, लाइफ कोच, सगळ्यांच्या पाट्या लांबून सारख्याच दिसतात. अशा वेळी पहिला फोन म्हणून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा चांगली आहे. दर आठवड्याची थेरपी म्हणून मात्र ती चालणार नाही. तिच्याबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारी या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे येतात.

सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था तिची मुख्य संस्था. नंबर १४४१६, चोवीस तास, २० भाषा, त्यात मराठी आहेच. कॉल लागला की आधी भाषा निवडायची आणि मग आपापल्या राज्याच्या केंद्रातल्या प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलणं होतं. ही पहिली पायरी. प्रकरण त्यांच्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर दुसऱ्या पायरीवर, म्हणजे तज्ज्ञाकडे, जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरच्या व्हिडिओ सल्ल्याकडे पाठवतात. आतापर्यंत २० लाखांहून जास्त कॉल हाताळले गेले आहेत. लष्करातल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, वेगळा कक्ष आहे, हे अनेक जवानांच्या घरी अजून माहीत नसतं.

फोन वाया जातो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन मिनिटांत. ‘टेन्शन आलंय’ एवढ्यावर समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी हे सांगावं: त्रास किती आठवड्यांपासून आहे, झोप किती तास लागते आणि पहाटे किती वाजता मोडते, जेवण कमी झालंय का, कामावर किंवा कॉलेजला जाणं सुटलंय का, दारू-तंबाखूचं प्रमाण काय, आधी कुठली औषधं चालू होती. गोळ्यांची नावं पाठ नसतात; पट्टी हातात धरूनच फोन करावा. मरणाचे विचार येत असतील तर ते विचारायची वाट न पाहता आधी सांगावं, कारण पुढची दिशा त्यावरूनच ठरते. आपला जिल्हा आणि तालुका आवर्जून सांगावा, विशेषतः सिमकार्ड दुसऱ्या राज्यातलं असेल तर. जिल्हा कळल्याशिवाय जवळचं रुग्णालय कसं सुचवणार? आणि फोन ठेवण्यापूर्वी एक प्रश्न विचाराच: ‘मी नेमकं कुठल्या रुग्णालयात, कुठल्या वारी, कोणत्या विभागात जाऊ?’ ‘डॉक्टरांना दाखवा’ हे उत्तर पुरेसं समजू नका.

घरातल्या दुसऱ्या कोणासाठीही हा फोन करता येतो, आणि आमच्या मते सेवेचा हाच सर्वांत चांगला उपयोग आहे. मुलगा खोलीबाहेर येत नाही, सासऱ्यांना अचानक संशय यायला लागलाय, बाळंतिणीला रडू आवरत नाही, अशा वेळी माणूस स्वतः फोन करत नाही, बाजूचा करतो. आजारी माणसाशी काय बोलावं, काय टाळावं हे त्याला विचारता येतं.

आता उणी बाजू. पुन्हा फोन केला तर तोच समुपदेशक मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे सगळी हकीकत परत सांगावी लागू शकते. थेरपीचं अर्धं काम एकाच माणसाशी टिकलेल्या विश्वासावर चालतं. ते इथे होत नाही. रजेसाठीचा दाखला किंवा यूडीआयडीचं, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्रासाठीचं, प्रमाणपत्र फोनवर मिळत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष तपासणी लागते. आणि जीवावर बेतलेलं असेल, म्हणजे विष घेतलंय, हातात दोर आहे, तर १४४१६ वर बोलत बसू नका. ११२ किंवा १०८ लावा, नाहीतर गाडी काढून सरळ जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. नुसते विचार येत असतील तेव्हाही त्या माणसाला एकटं सोडू नका आणि कीटकनाशकाचे डबे, गोळ्यांच्या पट्ट्या घरातून दुसरीकडे हलवा. शेतकरी कुटुंबात ही एवढी गोष्टही जीव वाचवू शकते, कारण आत्महत्येचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो आणि त्या वेळात साधन हाताशी नसणं महत्त्वाचं ठरतं.

फोननंतरचा सरकारी रस्ता लोकांना वाटतो तितका वाईट नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. मात्र हे वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांना लागू नाही. तिथे थोडंफार शुल्क पडू शकतं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही रोजची ओपीडी चालते. ‘येरवड्याला नेलं’ म्हटलं की लोक चपापतात, पण ओपीडीत आलेला माणूस औषध घेऊन संध्याकाळी घरी येतो. गोव्यात हेच काम बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था करते. सरकारी ओपीडीची खरी मर्यादा वेळेची. गर्दीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी काही मिनिटंच मिळतात. निदान आणि औषधं नीट होतात. पाऊण तास बसून बोलणं क्वचित होतं.

म्हणून अनेकांना शेवटी खाजगी किंवा संस्थेचा थेरपिस्ट, म्हणजे बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक, लागतोच, आणि तिथे कोण काय करतं हे माहीत नसेल तर पैसे जातात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. या सगळ्यांत औषध फक्त तोच देऊ शकतो, आणि त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या यादीत शोधता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने मानसशास्त्रात एमए-एमएस्सी करून वर दोन वर्षांचं एमफिल किंवा तत्सम प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. हा क्रमांक विचारण्यात काहीही अपमान नाही. वेबसाइटवर नाव टाकून तपासता येतो. समुपदेशकांचं मात्र अवघड आहे. एमए केलेला, चांगला अनुभवी समुपदेशक आणि ऑनलाइन दोन महिन्यांचं प्रमाणपत्र घेतलेला माणूस, दोघंही ‘काउन्सेलर’च लावतात, आणि तो शब्द कोणालाही लावता येतो. इथे पदवी कुठल्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण कोणाच्या हाताखाली झालं आणि आजही कोणा ज्येष्ठांकडे केसची चर्चा होते का, हे तीन प्रश्न पुरतात. तिसऱ्याला गोंधळून उत्तर आलं तर दुसरीकडे बघावं.

कोणाकडे आधी जायचं? झोप-भूक पार उडाली आहे, कानात आवाज येतात, संशय आहे, अतिउत्साहात पैसे उधळले जातायत, मरणाचे विचार आहेत, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. नातं, परीक्षा, नोकरी, शोक, सततची काळजी असेल तर थेरपिस्टपासून सुरुवात करायला हरकत नाही. दारू सोडवायची असेल तर साध्या समुपदेशकाकडे महिने घालवू नका. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे काम १९८६ पासून करतंय. रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. आणि मरगळ, वजनवाढ, निरुत्साह दिसत असेल तर थायरॉइड आणि बी-१२ च्या तपासण्या आधी करून घ्या. थायरॉइड कमी झालं की ते नैराश्यासारखंच दिसतं.

संस्थांपैकी ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून मराठीत काम करते, सातारची परिवर्तन सामान्य कार्यकर्त्यांना मानसमित्र, म्हणजे मानसिक त्रासात पहिला आधार देणारे, म्हणून तयार करते, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल फोन आणि ईमेलवर प्रशिक्षित समुपदेशक देते. आयकॉल चोवीस तास नसते. वेळ बघून फोन करा.

खाजगी सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचं, आठवड्यातून एकदा. पुण्या-मुंबईत हजार ते तीन हजार रुपये सर्रास घेतात, लहान शहरात कमी. कमी दराच्या राखीव जागा अनेक थेरपिस्ट ठेवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. सीबीटी पद्धतीने, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देऊन, ठरावीक त्रासावर काम असेल तर १२ ते २० सत्रं धरून चला, म्हणजे तीन ते पाच महिने. हा हिशेब पहिल्याच दिवशी करावा, नाहीतर चौथ्या सत्राला पैसे संपतात आणि थेरपी नेमकी कामाला लागायच्या वेळी सुटते. आरोग्य विम्याचा आधार इथे फारसा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायला लावलं, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. ओपीडीचं कव्हर असेल तरच समुपदेशनाची पावती चालण्याची शक्यता. ‘सायकोथेरपी’ हा शब्द पॉलिसीच्या कागदात आहे का ते वाचा.

पहिल्या भेटीत गुप्ततेबद्दल स्पष्ट बोलणं झालं पाहिजे. चांगला थेरपिस्ट स्वतःहून सांगतो की इथलं बाहेर जाणार नाही, आणि कुठे जावं लागेल तेही सांगतो: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल तेव्हा, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुमची परवानगी न घेता आईला किंवा नवऱ्याला फोन करणारा थेरपिस्ट लगेच बदला.

खालच्या गोष्टी दिसल्या तर पहिल्याच सत्रानंतर पाय काढता घ्यावा. दोन सत्रांत डिप्रेशन बरं करतो म्हणणं. दहा सत्रांचे पैसे आगाऊ मागणं. चालू गोळ्या बंद करायला सांगणं. हा अधिकार ज्याने त्या लिहून दिल्या त्याचाच. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणारी डीएमआयटी चाचणी विकणं. तिला शास्त्रीय आधार नाही. पत्रिकेतल्या शनीवर बोलणं. ‘एवढं काय त्यात, आमच्या वेळी…’ असं म्हणणं, मग म्हणणारा कितीही शिकलेला असो.

उलट, पहिल्या सत्रात रडू आलं, दुसऱ्यानंतर थकवा आला, हे बिघाडाचं लक्षण नाही. तीन-चार सत्रांनंतर ‘आपण नेमकं कशावर काम करतोय’ हे विचारा. उत्तर साध्या मराठीत मिळालं पाहिजे. औषध चालू झालं असेल तर नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ-अ‍ॅसिडिटी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. आधी त्रास, मग आराम, असा हा उलटा क्रम असल्याने गोळ्या दहाव्या दिवशी सुटतात. बरं वाटल्यावरही पुढचे निदान सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात आणि कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

परदेशातल्या मराठी माणसासाठी टेली-मानस नाही. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीजकडे स्वतःच अर्ज करता येतो आणि मराठी दुभाषा मागता येतो. भारतातल्या थेरपिस्टकडून व्हिडिओवर सत्रं घ्यायची असतील तर वेळेचं गणित आधी जमवा. अमेरिकेतल्या माणसाची संध्याकाळ म्हणजे इथली पहाट, आणि तो तास फार थोडे थेरपिस्ट देतात.

थेरपिस्ट बदलायचा झाला तर जुन्याकडून उपचारांचा छोटा सारांश आणि औषधांची यादी लेखी मागून घ्या. २०१७ च्या कायद्याने स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क दिलेला आहे. नव्या माणसाकडे जाताना ते कागद, थायरॉइडचा रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पट्ट्या एकाच फाइलमध्ये असू द्या.