अकराशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर, कन्नड घाट आणि मधेच थांबणारा पंखा

माझ्या गाडीला तापमानाची सुई नाही. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे. थंड असताना निळा दिवा, फार तापली की लाल दिवा, आणि मधल्या सगळ्या प्रवासात काहीच नाही. आबांच्या जुन्या जीपला सुई होती. घाट चढताना ते रस्त्याकडे एकदा आणि सुईकडे एकदा बघायचे, हे मी लहानपणापासून पाहिलंय. लेक संभाजीनगरला होस्टेलवर गेल्यापासून महिन्यातून दोनदा मला चाळीसगावहून कन्नड घाट चढावा लागतो, आणि सुई नसलेली गाडी म्हणजे काय ते गेल्या मे महिन्यात कळलं.

दुपारचे साडेतीन. खाली ४४ अंश. घाटात पुढे ट्रकची रांग, आम्ही दुसऱ्या गिअरवर सरपटत होतो, एसी चालू. चौथ्या-पाचव्या वळणावर लाल दिवा लागला. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, जागा मिळताच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडताना आबा मागच्या सीटवरून म्हणाले, "माय, झाकण नको उघाडू. आधी गाडीना पंखा फिरस का नही, ते दख." पाऊण तास थांबलो, मग पाणी टाकून सावकाश परतलो.

गॅरेजमध्ये एसी लावून बघितला, रेडिएटरचा पंखा फिरत होता. म्हणजे पंखा ठीक. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बदललं. पुढच्या आठवड्यात पुन्हा लाल दिवा. मग "रेडिएटर आतून चोक झालाय, बदलावा लागेल" असं सांगून साडेसात हजारांचा अंदाज दिला. मी शाळेत विज्ञान शिकवते. मोजमाप न करता निष्कर्ष काढणं मला पटत नाही, म्हणून आधी मोजायचं ठरवलं.

भारतात एप्रिल २०१३नंतर विकलेल्या बीएस-४ (त्या काळचा प्रदूषणाचा नियम) गाड्यांना ओबीडी-२ असतो, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून सांगायची सोय. स्टीअरिंगच्या खाली, बहुतेक वेळा उजव्या गुडघ्याजवळ, १६ पिनांचा एक सॉकेट सापडेल. त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ ॲडॉप्टर, म्हणजे हाच तो स्कॅनर, खोचायचा, मोबाईलवर ॲप घ्यायचं, आणि गाडीचा कॉम्प्युटर जे मोजतो ते आपल्याला दिसायला लागतं. मी कार स्कॅनर नावाचं ॲप वापरते, फुकट आवृत्ती मला पुरते.

ॲडॉप्टर मात्र जपून घ्या. माझा पहिला साडेतीनशेचा होता. मोबाईलला जोडला जायचा, गाडीशी बोलायचाच नाही, बोलला तर दोन मिनिटांत अडकायचा. तो परत केला आणि अकराशेचा घेतला, तो दहा महिने विनातक्रार चालतोय. ही सगळी ॲडॉप्टर ईएलएम ३२७ या चिपच्या नकलेवर चालतात. डबीवर "व्ही १.५" किंवा "व्ही २.१" छापलेलं असतं, त्या आकड्यावर विसंबू नका. मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, आणि २.१ लिहिलेल्या पुष्कळ स्वस्त नकलांमध्ये काही आज्ञा गाळलेल्या असतात. परत घेण्याची सोय असेल तिथूनच घ्या आणि पहिल्याच दिवशी आपल्या गाडीवर अर्धा तास चालवून बघा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालणार नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा (कमी ऊर्जेवर चालणारं ब्लूटूथ) बघावा लागेल. जोडताना पिन मागितली तर १२३४ किंवा ०००० टाका.

आता मुख्य गोष्ट. मी आधी फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, वाचले. एकही नव्हता. स्कॅनर घेणारे बरेच जण इथेच थांबतात आणि "काही निघालं नाही" म्हणून तो ड्रॉवरमध्ये टाकतात. पण कॉम्प्युटर ज्या गोष्टींवर पहारा ठेवतो, त्यांचाच कोड निघतो. माझ्या गाडीत तो रिलेला, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचला, हुकूम देतो, पुढे पंखा खरंच फिरला का हे त्याला कळत नाही. कोड नसणं म्हणजे बिघाड नसणं नव्हे.

म्हणून मी ॲपमधला लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणाची मोजमापं, उघडला आणि कूलंटचं तापमान लावून ठेवलं. गाडी हा आकडा एका बाइटमध्ये (० ते २५५ मधली एक संख्या) पाठवते, त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. १३० आले तर ९० अंश. नववीच्या मुलींना हे फळ्यावर करून दाखवलं तेव्हा अख्खा वर्ग स्वतःहून पुढची गणितं घालायला लागला.

हायवेवर साठच्या वेगात आकडा ८९ ते ९१. अगदी स्थिर. रेडिएटर चोक असता तर वेगात, चढावर, लोडखाली तो आधी वाढला असता. मग अंगणात गाडी उभी करून, एसी बंद ठेवून, इंजिन चालू ठेवलं आणि वही घेऊन बसले. ९७ला पंखा लागला, ९२ला बंद झाला. पुन्हा ९७, पुन्हा ९२. तिसऱ्यांदाही तसंच. चौथ्या वेळी ९७ आले, ९८, १००, आणि पंख्याचा आवाज नाही. १०३ला मी इंजिन बंद केलं. आबा पायरीवर बसले होते, काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

म्हणजे पंखा थंड असताना चालत होता आणि तापल्यावर थांबत होता. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत हे दिसणं शक्यच नव्हतं. त्यांच्यावर माझा राग नाही, पण साडेसात हजारांच्या आधी वीस मिनिटं उभं राहून बघायला हवं होतं.

पुढचं काम स्कॅनरचं नाही, हाताचं. चावी काढून, इंजिन गार होऊ दिलं. पंख्याचा फ्यूज, ३० अँपिअरचा हिरवा, शाबूत होता. रिले तशाच क्रमांकाच्या शेजारच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, चौथ्या फेरीला पंखा पुन्हा थांबला. मग पंख्याच्या मोटारीचा प्लग काढला. आतला एक टर्मिनल काळा पडला होता आणि भोवतालचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं. सैल संपर्क, त्यातून उष्णता, उष्णतेने आणखी सैल. मार्केटमधल्या ऑटो इलेक्ट्रिशियन दादांनी नवा कनेक्टर दाबून बसवला, मजुरीसकट १८० रुपये. हे काम मी स्वतः केलं नाही. क्रिंप करायची, म्हणजे टर्मिनल तारेवर दाबून बसवायची, चांगली पक्कड माझ्याकडे नाही, आणि पंख्याच्या तारेत मोठा करंट वाहतो, तिथे पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेली चालत नाही.

एक कळकळीची सूचना. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकणाने आत दाब धरलेला असतो म्हणून तर कूलंट शंभरच्या वरही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि ते एका क्षणात उसळून अंगावर येतं. गाडी बंद असली तरी पंख्यात हात घालू नका, काही गाड्यांत तो नंतरही सुरू होतो. आणि कूलंटमध्ये आपल्याकडचं बोअरचं जड पाणी टाकू नका. घरच्या हंड्याला आतून जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरमध्ये बसतो. नाइलाजाने टाकलंच, जसं मी घाटात टाकलं, तर नंतर काढून डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरा.

स्कॅनरच्या उणिवाही आहेत. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या ॲडॉप्टरला वाचता येत नाहीत. आकडा एखाद्या सेकंदाने मागे असतो, तापमानाला ते चालतं. सॉकेटला कायम बॅटरीचा करंट असतो, म्हणून गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवावा लागतो. शिवाय तो गुडघ्याला लागतो. मोबाईल मी पहिल्यांदा डॅशबोर्डवर ठेवला होता, मेच्या उन्हात तोच तापून बंद पडला. आता एसीच्या जाळीवर अडकवते, आणि आकडा बघायचं काम शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं नाही.

"क्लिअर कोड्स" हे बटण घाईने दाबू नका. आधी कोड वहीत लिहा, त्यासोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम बघा, म्हणजे बिघाड झाला तेव्हा वेग किती होता, तापमान किती होतं ते कळतं. पुसलं की तेही पुसलं जातं. आणि पी०१२८ हा कोड निघाला म्हणून लगेच थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) विकत आणू नका. इंजिन हवं तेवढं तापत नाही एवढंच तो सांगतो, कूलंट कमी असेल किंवा सेन्सर चुकत असेल तरी तो येऊ शकतो.

बॅटरीसाठीही मी तो वापरते. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४च्या आसपास हवं. हिवाळ्यात एकदा ते साडेबारावर दिसलं, मल्टिमीटरनेही तेच आलं, आणि अल्टरनेटरचा (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारं यंत्र) पट्टा घसरतोय हे गाडी रस्त्यात बंद पडायच्या आधी कळलं.

गेल्या रविवारी पुन्हा घाट चढलो. बाहेर ४१, एसी चालू, पुढे उसाची ट्रॉली. या वेळी आबा माझ्या शेजारी बसले होते आणि मोबाईल त्यांच्या समोर होता. ९५, ९६, ९७, ते मोठ्याने वाचत होते. मग पंख्याचा आवाज आला आणि त्यांनी ९६ म्हटलं. माथ्यावर पोचेपर्यंत त्यांनी एकदाही रस्त्याकडे बघितलं नाही.