रेडमी नोट ४: सोलापूरच्या उन्हाळ्यात वापरलेला जुना फोन

जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आलेला शाओमीचा रेडमी नोट ४ आज वापरावा का? माझं मत असं: दुसरा फोन म्हणून बिनधास्त वापरा, एकुलता एक फोन म्हणून नको. पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा सोलापुरात वापरून हे लिहितोय, त्यामुळे ऊन, धूळ आणि सूत या तिन्हींचा हिशेब यात आहे.

आधी मॉडेलचा घोळ मिटवू. भारतात विकला गेलेला नोट ४ स्नॅपड्रॅगन ६२५ या प्रोसेसर चिपचा; जाणकार त्याला 'मीडो' म्हणतात. चीनमध्ये याच नावाचा मीडियाटेक चिपचा फोन निघाला होता, तो 'निकेल'. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ, पण सुटे भाग वेगळे. मीडोची बॅटरी बीएन४३, निकेलची बीएन४१. डिस्प्लेचा कॉम्बोही (स्क्रीन आणि टच यांचा जोडलेला संच) एकाचा दुसऱ्याला बसत नाही. दुकानात नुसतं 'नोट फोरची बॅटरी द्या' म्हटलं की काउंटरवर यातलं काहीही येऊ शकतं, म्हणून नंबर वाचूनच घ्यावी.

त्या वेळी २ जीबी रॅमचा ९,९९९, ३ जीबीचा १०,९९९ आणि ४ जीबी / ६४ जीबीचा १२,९९९ रुपयांना होता. आज जुन्या बाजारात २ जीबीवाला फुकट मिळाला तरी घेऊ नका. फोनची स्वतःची सिस्टिमच त्यातली निम्म्याहून जास्त रॅम खाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॅमेऱ्यात गेलात की परत येईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप पहिल्यापासून उघडतं. ३ जीबीवर काम भागतं, ४ जीबीवर त्रास नाही.

या फोनचं खरं बळ म्हणजे तो तापत नाही. ६२५ ही १४ नॅनोमीटरची चिप (हा आकडा लहान, तेवढी उष्णता कमी), तिच्यात आठही कोअर, म्हणजे काम करणारे भाग, साधे कॉर्टेक्स-ए५३ जातीचे. त्याच्या आधीच्या नोट ३ मधली ६५० ही २८ नॅनोमीटरची. तिच्यात दोन ताकदवान कोअर होते, म्हणून अ‍ॅप चटकन उघडायची, पण फोन गरम व्हायचा. ६२५ अ‍ॅप उघडायला वेळ घेते, एकदा उघडलं की मात्र तासन्‌तास शांतपणे चालवते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेल्यावर हा फरक हाताला कळतो. हॉटस्पॉट चालू ठेवून फोन टेबलावर पडलेला असला तरी कोमटच्या वर जात नाही. अट एवढीच, की तो सावलीत असला पाहिजे.

बॅटरीचा मुद्दा मात्र सविस्तर सांगायला हवा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंत चार्ज करावी. त्यापुढे चार्ज केली की आतली रसायनं लवकर खराब होतात. आपल्याकडे दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत नुसता ठेवलेला फोनच त्या हद्दीजवळ पोचतो. वर चार्जर लावला की संपलं. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी लवकर किंवा रात्री करावं, कव्हर काढून करावं आणि उशीखाली तर अजिबात करू नये. दुकानात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा स्क्रीन म्हणून फोन कायम चार्जरला लावून ठेवणारे बरेच आहेत. त्यांची बॅटरी फुगते, कारण १०० टक्के भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी सगळ्यात वाईट. आवाजाच्या बटणांच्या बाजूची फट रुंदावलेली किंवा स्क्रीनची कड उचललेली दिसली की फोन लगेच बंद करा. दाबून बसवायला जाऊ नका, टाचणी तर चुकूनही लावू नका. उपाय स्वस्त आहे: सॉकेटला लावायचा टायमर घ्या, सकाळी तास-दीड तास आणि रात्री तेवढाच चार्ज मिळेल असं बघा. बॅटरी ३० ते ८० टक्क्यांत राहिली की पुष्कळ टिकते. रूट केलेल्या (सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवलेल्या) फोनवर ही मर्यादा सॉफ्टवेअरनेही घालता येते.

मूळ बॅटरीवर ४०००/४१०० एमएएच छापलेलं असतं. नकली बॅटरीवरही तेच छापलेलं असतं, तेव्हा छपाईवर विश्वास नको. बदलल्यानंतर अ‍ॅक्युबॅटरीसारखं अ‍ॅप टाकून १५ टक्क्यांपासून १०० पर्यंत चार-पाच चार्ज होऊ द्या. अ‍ॅपचा अंदाज ३५०० च्या वर स्थिरावला तर बॅटरी चांगली. २५०० च्या आसपास घुटमळत असेल तर परत करा. दुकानदाराशी हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. मागचं पॅनल उघडण्यापूर्वी सिम ट्रे बाहेर काढायचा. पॅनलला फिंगरप्रिंट सेन्सरची पातळ पट्टी जोडलेली असते. पॅनल झटक्यात ओढलं की ती तुटते आणि मग बोट लावून फोन उघडणं कायमचं बंद. कारागिराला 'पट्टी सांभाळून' एवढं आधी सांगितलं तरी तो जरा जपून उघडतो.

'फोन हळू चार्ज होतो' ही या मॉडेलची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि दहातल्या सहा-सात वेळा बॅटरीचा काही दोष नसतो. फोनसोबतचा चार्जर ५ व्होल्ट २ अँपिअरचा. त्यावर शून्यापासून पूर्ण भरायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. आठ-नऊ तास लागत असतील तर गणित सरळ आहे: फोन ५०० मिलिअँपिअरच घेतोय. समोर चार्जर आहे की कॉम्प्युटर, हे फोन केबलच्या डेटा पिनांवरून ओळखतो. त्या पिनांचा संपर्क नीट झाला नाही की तो कॉम्प्युटर समजून ५०० वर थांबतो. अँपिअर नावाचं अ‍ॅप टाकलं की आकडा समोर दिसतो. चांगली केबल, स्क्रीन बंद ठेवून चार्जिंग, तर दीड हजाराच्या आसपास किंवा वर दिसायला हवा.

संपर्क बिघडण्याचं सोलापुरी कारण म्हणजे सूत. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात मागांजवळ काम करणाऱ्यांच्या खिशात कापसाचे बारीक तंतू कायम असतात. ते पोर्टमध्ये जातात आणि प्रत्येक वेळी केबल घुसवताना दाबून दाबून तळाशी त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून पोर्ट स्वच्छ दिसतं, केबल मात्र अर्धा मिलिमीटर बाहेर राहते आणि जरा हलली की सुटते. फोन पूर्ण बंद करा, टॉर्चच्या उजेडात लाकडी दातकोरणं घ्या, त्याचं टोक थोडं तासून चपटं करा आणि मधल्या जिभेला धक्का न लावता कडेकडेने थर उकरून काढा. सुई किंवा सेफ्टी पिन नको. मधली जीभ एकदा वाकली की पोर्ट गेलं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला मऊ ब्रश फिरवा आणि दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. एवढं करूनही केबल हलतच असेल तर सीसी बोर्ड, म्हणजे चार्जिंग पोर्ट असलेला छोटा बोर्ड, बदला. तो मुख्य बोर्डापासून वेगळा असतो, त्यामुळे काम किरकोळ आहे. यासाठी 'मदरबोर्ड गेलाय' असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या दुकानात जा, नवी पेठेत कारागिरांची कमी नाही.

खालच्या कडेला दोन जाळ्या दिसतात, पण स्पीकर एकातच आहे. दुसरीमागे माईक. आवाज कमी येतो म्हणून दोन्हीत टाचणी घालणारे माईक फोडून बसतात. जुन्या टूथब्रशने कोरडं झाडणं पुरेसं आहे.

सिमबद्दल एक गोष्ट घेण्याआधी समजून घ्यावी. फोनमध्ये दोन सिम बसतात, पण ४जी एका वेळी एकाच सिमवर चालतं. दुसरं ३जी किंवा २जीवर उतरतं. जिओकडे २जी-३जी नाहीच, म्हणून जिओचं सिम दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं की ते मुकं होतं. जिओ असेल तर डेटासाठी जिओच निवडा आणि २जी चालवणाऱ्या कंपनीचं सिम दुसरीकडे ठेवा. त्यावर कॉल आणि ओटीपी येत राहतात. ट्रेमधला एक खाना मायक्रो सिमचा, दुसरा नॅनो सिमचा किंवा मेमरी कार्डाचा. म्हणजे दोन सिम घातली तर कार्डाला जागा उरत नाही. आताची सिम नॅनो असतात, म्हणून मायक्रोच्या खान्यात प्लास्टिकचं अ‍ॅडॉप्टर लागतं. ते अ‍ॅडॉप्टर सिमशिवाय रिकामं कधीही आत सरकवू नका. बाहेर काढताना त्यात स्लॉटच्या पिना अडकून उपटल्या जातात आणि तो स्लॉट मुख्य बोर्डावर असतो.

सॉफ्टवेअर ही कमकुवत बाजू. कंपनीचे अपडेट अँड्रॉइड ७ आणि मीयूआय (शाओमीची अँड्रॉइडवर बेतलेली सिस्टिम) ११ वर थांबले. क्रोमची ११९ ही अँड्रॉइड ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. पुढच्यांना अँड्रॉइड ८ लागतं. सुरक्षेचे अपडेट नाहीत, म्हणून मोठी रक्कम असलेलं बँक खातं या फोनवर ठेवू नये, मग अ‍ॅप चालत असलं तरी. मूळ सिस्टिमवरच राहायचं असेल तर आधी जाहिराती बंद करा: सेटिंग्ज, अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन, तिथे 'एमएसए' (जाहिराती दाखवणारं कंपनीचं अ‍ॅप) बंद. इंटरनेट चालू असावं लागतं. दहा सेकंद थांबवून 'रद्द करता आलं नाही' असा निरोप येतो. तो आला की परत करा, तीन-चार प्रयत्नांत जमतं. ज्या अ‍ॅपचे निरोप वेळेवर हवेत त्याला ऑटोस्टार्ट चालू आणि बॅटरी सेव्हरमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' द्या, नाहीतर मीयूआय त्याला मागच्या मागे संपवतं. एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने) कंपनीची अ‍ॅप काढणाऱ्यांनी 'फाइंड डिव्हाइस'ला हात लावू नये. ते गेलं की फोन सुरूच होत नाही, लोगोवर फिरत राहतो. स्टोरेज पाचवा हिस्सा तरी रिकामं ठेवा, भरत आलं की फोन अडखळायला लागतो.

कस्टम रॉम (कंपनीबाहेरच्यांनी बनवलेली सिस्टिम) टाकायची असेल तर मीडोइतका सोपा फोन कमी मिळेल. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'मी अनलॉक स्टेटस' उघडून सिमच्या डेटावर शाओमीचं खातं जोडायचं, मग सांगतील तेवढे तास वाट पाहायची. मध्ये खातं पुन्हा जोडायला जाऊ नका, घड्याळ परत शून्यावर येऊ शकतं. नंतर आवाज कमी करण्याचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून फास्टबूट (कॉम्प्युटरकडून आज्ञा घेणारा मोड), कॉम्प्युटरवरून अनलॉक, मग टीडब्ल्यूआरपी (रॉम टाकायचं आणि बॅकअप घ्यायचं साधन). अनलॉक होताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. रॉम टाकण्यापूर्वी ईएफएस आणि पर्सिस्ट या स्टोरेजच्या दोन खास विभागांचा बॅकअप मेमरी कार्डावर घ्या, कारण ईएफएस बिघडलं तर आयएमइआय (फोनचा ओळख क्रमांक) जातो आणि नेटवर्कच येत नाही. रॉमवर फोन तरतरीत होतो. पण बऱ्याच बँकांची अ‍ॅप अनलॉक केलेला फोन ओळखून नकार देतात.

कॅमेरा दिवसा कामापुरता, रात्री निरुपयोगी. इन्फ्रारेड रिमोट मात्र अजून कौतुकाचा: टीव्ही, एसी, सेट-टॉप बॉक्स सगळं चालतं. एफएमही आहे, वायरचा हेडफोन लावला की आकाशवाणी ऐका, डेटा लागत नाही.

जुना घेताना दुकानातच डायलरवर *#*#६४८४#*#* दाबा. चाचण्यांची यादी उघडते. त्यात टच, दोन्ही माईक, स्पीकर, इन्फ्रारेड, फिंगरप्रिंट एकेक करून तपासा. टचच्या चाचणीत बोट कडांपर्यंत न्या, स्वस्त कॉम्बो कडांनाच दगा देतात. मग *#०६# दाबून आयएमइआय बघा आणि १४४२२ ला इंग्रजी अक्षरांत 'केवायएम', एक जागा सोडून तो नंबर असा एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. शेवटी विकणाऱ्याला समोर बसवून त्याचं शाओमी आणि गूगल, दोन्ही खाती काढायला लावा, फोन रीसेट करा आणि तो सुरू होऊन कोणताही जुना पासवर्ड न मागता होम स्क्रीनपर्यंत पोचला की मगच पैसे द्या.