तालीम आणि रंगीत तालीम, फरक काय?
आपल्या कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी कुस्तीची लाल मातीच आठवते, पण नाटकवाल्यांची तालीम म्हणजे साध्या कपड्यात, खडूनं जमिनीवर दार-खिडकी आखून, डिरेक्टर मधेच थांबवून तेच वाक्य दहादा घ्यायला लावतो, चुकलं तरी चालतंय. रंगीत तालमीत मेकअप, कपडेपट, लाईट, म्युझिक सगळं लावून सलग पळवायचं, थांबायचं नाही.

माझं मत विचाराल तर साधी एखादी कमी करा पण रंगीत सोडू नका, कारण नऊवारीत लेव्हलच्या, म्हणजे स्टेजवरच्या उंच चौथऱ्याच्या, पायऱ्या उतरता येत नाहीत, स्पॉटलाईट तोंडावर यायचा तो खांद्यावर पडतोय, हे तिथंच कळतं.

केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ सालचं, शाहू महाराजांनी बांधलेलं, आणि लागूनच कुस्तीचं खासबाग मैदान, म्हणजे नाटकाची आणि कुस्तीची, दोन्ही तालमी शेजारी शेजारी.