पहिला चेक-इन कुठे करायचा: रिपीटरच्या नेटवर, ४० मीटरवर की मोबाईलवर?

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स हातात आलं, व्हीयू३ वाला कॉलसाइन (हवेवरची आपली ओळख) मिळाला, आणि आता नेटवर जाऊन नाव घालायचंय पण पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबायला अंगठा धजत नाही, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांना नेट म्हणजे इंटरनेट वाटतंय त्यांना सांगतो, ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळे हॅम जमतात, एक जण नेट कंट्रोल असतो, तो हजेरी घेतो आणि एकेकाला बोलायला देतो. हजेरी लावणं म्हणजे चेक-इन.

बहुतेक नवे लोक "कुठला सेट घेऊ" इथून सुरुवात करतात. मी म्हणेन आधी तुमचं घर कुठे आहे ते बघा.

शहरात असाल आणि जवळपास डोंगरावर टू मीटरचा रिपीटर (आपला सिग्नल घेऊन जोरात पुढे पाठवणारं स्टेशन) असेल तर डोळे मिटून तिथूनच सुरू करा. आपल्याकडे हा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, पाच वॅटचा हँडी (हातात धरायचा सेट) पुरतो, आवाज एफएमचा, स्वच्छ. मुख्य म्हणजे ऐकणारे आसपासचेच असतात, चुकलात तर कुणीतरी नेट संपल्यावर "अहो, जरा थांबून बोला" म्हणून सांगतं. पण हे सगळं समोर डोंगर दिसत असेल तर. मी कोथरूडला तळमजल्यावर, मधे वेताळ टेकडी आडवी, घरातून रिपीटर ऐकू यायचा पण माझं काही पोचेना. वर सेटमध्ये टोनच (रिपीटर उघडायला आवाजासोबत जाणारा ठरलेला सूर) घातला नव्हता! ऑफसेट (रिपीटरच्या ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) उणे ६०० किलोहर्ट्झ बरोबर टाकला होता, टोन विसरलो, आणि तीन रविवार मला वाटत होतं की हे लोक नवीन माणसाला भाव देत नाहीत. टोन घातला, टेकडीवर चढून बोललो, लगेच "कोण नवीन स्टेशन आहे, रिपीट करा". घरून बोलायचं तर रबर डक, म्हणजे हँडीवरची आखूड अँटेना सोडा, अर्ध्या मीटरच्या आसपासच्या काड्यांचा ग्राउंड प्लेन अँटेना गच्चीवर लावा, घरीही बनवता येतो.

आता ४० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवरच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) नेट. इथे खरी मजा, पण गोंधळही इथेच. सकाळी काही शे किलोमीटरवरचे लोक छान येतात, भर दुपारी सिग्नल मावळतो कारण वातावरणातला वरचा डी थर तो गिळतो, आणि रात्र झाली की लांबचे जोरात अन् शेजारचा जिल्हा गायब. त्यात एसएसबीची (इथे आवाज पाठवायची पद्धत) कुरकुर, क्यूआरएम (दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा), क्यूएसबी (सिग्नल वरखाली होणं). एक फरक मात्र नव्याच्या बाजूचा आहे: एफएमवर दोघांनी एकदम दाबलं तर जोरातला तेवढा ऐकू येतो आणि हँडीवाला कुणाच्या कानावरही पडत नाही, एसएसबीवर दोघांचे आवाज मिसळून येतात, त्यामुळे निदान "अजून कुणीतरी आहे" एवढं तरी नेट कंट्रोलला कळतं.

खर्च आणि जागा? सेट महाग असतो हे खरं, पण हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स डिझाइनवर कितीतरी जणांनी स्वस्तात घरी सेट बनवलेत. अवघड आहे ती अँटेना. डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेली साधी तारेची अँटेना, तिला एकूण वीस मीटर वायर लागते. गावाकडे दोन आंब्याची झाडं मिळाली की काम झालं, शहरात सोसायटीच्या सेक्रेटरीला "टीव्हीची नाही हो, रेडिओची" हे समजावण्यात दोन मीटिंगा जातात. म्हणून गावात असाल, रिपीटर रेंजमध्ये नसेल, तर सरळ ४० मीटरवरच या. आणि एचएफला मधे टॉवर, सर्व्हर काही लागत नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांची टीम नेमकी अंदमानात डीएक्सपेडिशनवर (दुर्मिळ ठिकाणाहून रेडिओवर बोलायची मोहीम) होती, बाकी संपर्क तुटले असताना निरोप हॅम रेडिओवरून गेले.

तिसरा पर्याय मोबाईलवरचा एकोलिंक, म्हणजे इंटरनेटवरून हॅम स्टेशनांना जोडणारं ॲप. लायसन्सची कॉपी अपलोड करून कॉलसाइन व्हॅलिडेट करावा लागतो, मग परदेशातल्या रिपीटरवरूनही बोलता येतं. लायसन्सच्या अटी आधी वाचा. मला विचाराल तर बोलायची भीती घालवायला ठीक आहे, पण अँटेना, टोन, सिग्नल रिपोर्ट यातलं काहीच शिकत नाही माणूस. नुसतं ऐकायचं असेल तर त्यापेक्षा वेबएसडीआर, म्हणजे ब्राउझरमधून ऐकता येणारा दूरचा रिसीव्हर बरा.

कुठेही गेलात तरी पहिले दोन-तीन आठवडे नुसतं ऐका, कोण कसं बोलतं ते वहीत लिहा. मग नेट कंट्रोलने "चेक-इन्स प्लीज" म्हटलं की एक सेकंद थांबून फक्त कॉलसाइन, तोही फोनेटिकमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द वापरून, व्हिक्टर युनिफॉर्म थ्री करत. नाव, गाव, सेट, हवामान सगळं एका दमात नको, आपला नंबर येतो तेव्हा सांगायचं. रिपीटरवर टायमर असतो, लांबण लावली तर मधेच तोंड बंद होतं. निघायची घाई असेल तर चेक-इन करतानाच "शॉर्ट टाइम" म्हणा, आधी घेतात.