ट्रॅप की बाल्टिमोर? एकच जुनं जर्मन चर्च पाहायचं असेल तर

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या आसपास राहत असाल, किंवा मुला-लेकीकडे काही महिन्यांसाठी आला असाल आणि जर्मन स्थलांतरितांचं एकच चर्च पाहायला सवड असेल, तर माझं मत ट्रॅप गावातल्या ऑगस्टस लुथरन चर्चला (लुथरन हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ). शहरापासून चाळीसेक किलोमीटर, अर्ध्या दिवसाचं काम. बाल्टिमोरच्या झायन चर्चसाठी अख्खा दिवस काढावा लागतो.

ट्रॅपचं चर्च १७४३ चं. पावणेतीनशे वर्षांत त्याचं रूप फारसं बदललेलं नाही, आणि मला त्याचंच अप्रूप वाटतं. जाड दगडी भिंती, वर गिलावा. छपराला दोन्ही अंगांना दोन-दोन उतार, वरचा सौम्य, खालचा उभा. वेदीकडची भिंत सरळ नाही, तीन पैलूंची आहे. लांबून पाहिलं तर एखादं ऐसपैस कोठारच वाटावं. आत लाकडी सज्जे आणि उंच प्रवचनपीठ. नेहमीच्या प्रार्थना शेजारच्या १८५२ च्या चर्चमध्ये होतात, त्यामुळे जुनी वास्तू आतून कधी पाहता येईल ते आधी विचारून घ्या.

दारावरचा लॅटिन लेख वाचल्याशिवाय आत जाऊ नका. हेन्री मेल्किओर म्यूलेनबर्ग या पाद्र्याबरोबर सहा कारभाऱ्यांची नावं त्यावर कोरली आहेत. मला आपल्या देवळांतले जीर्णोद्धाराचे शिलालेख आठवले. म्यूलेनबर्गला इकडे धाडलं जर्मनीतल्या हाले गावच्या संस्थेने. तिनेच तमिळनाडूतल्या तरंगमबाडीलाही मिशनरी पाठवले होते, आणि तंजावरच्या सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्‌झ त्याच हालेत शिकलेले! म्यूलेनबर्गची समाधी चर्चमागेच आहे. हा कोण होता, केवढा होता, हे पुढच्या काळाला दगडावाचूनही कळेल, असं तिच्यावर लिहिलंय.

झायनची मंडळी, म्हणजे तिथला भाविकांचा समूह, १७५५ ची, विटांची इमारत १८०७-०८ ची. १८४० च्या आगीत ती आतून जळाली, म्हणून आतलं काम नंतरचं. सभागृहाची बाजू आणि मनोरा तर १९१२-१३ चा. जुन्या बांधकामासाठी जाणाऱ्याचं इथे मन भरणार नाही.

पण इथे रविवारी अजून जर्मनमध्ये प्रार्थना होते. दर आठवड्याला मुलांना मराठी शाळेत नेणारे आई-बाप असाल, तर माझं वरचं मत बाजूला ठेवा आणि बाल्टिमोरला जा. मुलांना सोबत घ्या, आणि जर्मन प्रार्थनेची वेळ गाठा.