बाळंतपणानंतर अडलेलं वजन आणि ओट्यावरचा काटा: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा माणसाचं वजन करायचा काटा नव्हे. ओट्यावर ठेवायचा, 5 किलोपर्यंतचा, ग्रॅममध्ये दाखवणारा साधा डिजिटल काटा. पावसाळ्याआधी इथे कोल्हापुरातच लक्ष्मीपुरीतून घेतला. बाळंतपणानंतर पहिले काही किलो आपोआप उतरले आणि मग 68 वर जे अडलं ते हलेना. रोज रंकाळ्याला चालणं चालू, भात जवळजवळ बंद, तरी काही नाही. थायरॉईड नॉर्मल निघाला. (बाळंतपणानंतर तो बिघडू शकतो, म्हणून काट्यावर पैसे घालण्याआधी ती तपासणी करून घ्या.)

पहिल्याच आठवड्यात कळलं की भात-चपातीचा विषयच नव्हता, विषय तेलाचा होता. तेलाची किटली काट्यावर ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, भाजीत नेहमीच्या हाताने तेल ओतायचं आणि किटली परत ठेवायची. काटा उणे आकडा दाखवतो, तेवढं तेल गेलं. आमच्या चौघांच्या भरल्या वांग्यात 70 ग्रॅम! ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर 630, नुसत्या तेलाच्या. वरून शेंगदाण्याचं कूट. माझी एक मूठ 35 ग्रॅम भरली, म्हणजे जवळपास 200 कॅलरी. चपाती बिचारी उगाच बदनाम.

दुसरा विषय डिंकाच्या लाडवांचा. पाजणाऱ्या आईला जास्त लागतंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीत पहिले 6 महिने रोज 600 कॅलरी जास्त आणि पुढचे 6 महिने 520 असा हिशोब आहे. पण बाळ अंगावर पितंय हे त्यात धरलेलं आहे. आमचं बाळ नाचणीची पेज, वरणभात खायला लागलं, रात्रीचं पिणंही कमी झालं, आणि माहेरचा डबा मात्र पहिल्या महिन्याच्याच मापाने येत राहिला. त्यात अंग हलकं झालं की त्याचा कॅलरींचा खर्चही कमी होतो, हे कुणी सांगत नाही. लाडू बंद केले नाहीत, आईला निम्म्या आकाराचे वळायला सांगितले.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "सोनं तोलालीस व्हय गं?" आता त्याच फोडणीआधी "शून्य कर की" म्हणतात. भाजीचं तेल 30 ग्रॅमवर आणलं, घरात कुणी चवीची तक्रार केली नाही. रविवारी मटण तोलते, रस्सा नाही. तांबड्यावरचा तवंग पळीने बाजूला सारते, पांढरा एकच वाटी, कारण त्यात खोबऱ्याचं दूध आणि काजू असतात. मिसळीचा कट तोलण्याच्या भानगडीत पडले नाही. कोल्हापुरात राहून तेवढं तरी सुख हवं.

आता तक्रारी. थोडा वेळ हात लावला नाही की काटा आपोआप बंद होतो. चपातीचं पीठ मळायला घेतलं की आकडा गेलाच. मोठं पातेलं ठेवलं की आकड्याची पट्टी खाली झाकते, वाकून बघावं लागतं. खालून पाणी शिरलं की आकडा नाचायला लागतो. चिमूटभर मसाला तर त्याला कळतच नाही. सेल संपत आले तेव्हा चुकीचं वजन दाखवत होता, बदलल्यावर ठीक झाला.

आता वजन 63 आहे. सरळ उतरलं नाही. पाळीच्या आठवड्यात किलोभर वाढायचं, मग खाली यायचं. दिवाळीच्या फराळात काटा कपाटातच होता.

पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळंतिणीने हा घेऊच नये, तेव्हा पोटभर खावं. पाजत असाल तर नंतरही आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवायची घाई नको. आणि घरी स्वयंपाक दुसऱ्याच्या हाती असेल तर आधी त्या माणसाला पटवा, मग काटा घ्या. घेताना मात्र दुकानात घरचं पातेलं ठेवून बघा, आकडा दिसतो का.